अक्का, ते शब्द माझे होते

अक्का, तुमची शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. दुसरीकडे कुठे होणार? आपल्या बिल्डिंगला हॉल एकच. पहिल्या मजल्यावरचा, जिथे बारशी होतात, नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात आणि एरवी ज्याच्या कुलूपबंद दारावर पोरं चेंडू आपटत बसतात. टेबलावर तुमचा फोटो होता. तुमच्या भाचीने तंजावरहून येताना आणलेला. त्यात तुम्ही चष्मा लावलेला नाही, त्यामुळे निम्म्या लोकांनी तुम्हाला ओळखलंही नसावं.

असोसिएशनचा नवा सेक्रेटरी आधी बोलला. तरुण मुलगा आहे, तुम्हाला जिन्यात भेटण्यापुरता ओळखत होता. कोणाकडून तरी ऐकलेलं त्याने सांगितलं. इंग्रजीत बोलला म्हणून मला समजलं. म्हणाला, टीचरम्मा प्रेमळ होत्या, पण वेळ आली की कठोरही होत. पुराच्या वर्षी बाहेरची माणसं हॉलमध्ये येऊन राहिली, कोणाचा तोंड उघडायचा धीर होईना, तेव्हा टीचरम्मांनी एका सकाळी उभं राहून हॉल रिकामा करून घेतला. दोनचार जणांनी माना डोलावल्या. कौतुकाने, अक्का. ते तुमचं कौतुक चाललं होतं.

मी पहिल्या रांगेत होतो. त्यानंतर मला बोलावलं, बिल्डिंगमधला सगळ्यांत जुना मराठी माणूस म्हणून. मी उठलो. तुमची जुन्या वळणाची मराठी, तुमच्या साटोऱ्या, तुमची शाळा यांवर काहीबाही बोललो आणि खाली बसलो. कॉफी आली. मी कॉफी घेतली.

माझा नातू ईशान आला नाही. वर घरातच होता. मी निघताना त्याला म्हटलं, "चल, पाच मिनिटं बसून ये." तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "ज्यांनी कविनला हाकललं त्यांच्या फोटोला फुलं घालायला मी येणार नाही."

तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमच्यामागे कोण आहे, हे सगळं भाचीने छापून वाटलं आहे. मी ते पुन्हा लिहीत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात दोन पानं द्या म्हणून मी स्वतः मागून घेतली, ती दुसऱ्या कामासाठी. आपल्या बिल्डिंगमध्ये हा अंक वाचणारा एकही माणूस नाही, हे मला माहीत आहे. माझी तर सवयच ती. खरं बोलायचं ते अशा ठिकाणी, जिथे ऐकायला कोणी नसतं.

बदल्या होत होत आवडी ह्या गावच्या सरकारी कारखान्यात आलो, उरलेली सगळी नोकरी तिथेच काढली आणि तमिळ शिकलो नाही. सरकारी क्वार्टर्स, शेजारी कानपूरचे, जबलपूरचे, खडकीचे. हिंदीवर सगळं भागायचं. दूधवाला, भाजीवाली, गवंडी, हे माझ्या बायकोचं, सुनंदाचं खातं होतं. ती गेली आणि तिच्याबरोबर माझं तमिळही गेलं. मुलाने घेऊन ठेवलेल्या वेलचेरीच्या घरात एकटा राहायला आलो, तेव्हा लिफ्टमध्ये तुम्ही मला विचारलंत, "कोठून आलेत म्हणून विचारू का?" मला वाटलं एखाद्या बखरीतून बाई उठून आली. मी हसलो. तुम्ही म्हणालात, "हसा. आमची मराठी जुनी असेल. तुमची तर कारखान्यात घडलेली दिसते."

त्या दिवसापासून माझी जीभ तुम्ही झालात. प्लंबर आला की मी तुमची बेल वाजवायचो. मी म्हणायचो, "ह्याला सांगा, चोर आहेस तू, तीन वेळा आलास आणि नळ अजून गळतोय." तुम्ही त्याच्याशी दोन वाक्यं बोलायचात आणि तो मान डोलावून पुन्हा कामाला लागायचा. खूप दिवसांनी मला कळलं की तुम्ही त्याला फक्त "पुन्हा एकदा बघ बाबा, सरांना त्रास होतो" एवढंच सांगत होतात. उलटही तसंच. एकदा भाजीवाला माझ्यावर हातवारे करत बराच वेळ ओरडला. तुम्ही मला म्हणालात, "वांगी ताजी आहेत म्हणतो."

"एवढा वेळ?"

"फार ताजी आहेत म्हणतो."

तुम्ही दोन्हीकडचे शब्द मऊ करून द्यायचात. त्याच्या जोरावर मी ह्या शहरात भला माणूस म्हणून वावरलो.

मग ईशान आला. नऊ वर्षांचा. त्याच्या आईबापांचं नाशकात फाटलं, कोर्टाने पोरगं बापाकडे दिलं आणि बाप त्याला घेऊन इथे आला. शाळेचं वर्ष अर्धं झालं होतं. आई तिकडे, मित्र तिकडे, गल्ली तिकडे. इथल्या शाळेत बाई इंग्रजीत शिकवायच्या, पोरं आपसांत तमिळ बोलायची आणि हा डबा न उघडता परत आणायचा. दिवसचे दिवस तो शाळेत एक शब्द बोलला नाही. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलाला ऐकू येतं का ते तपासून घ्या.

तेव्हा तुमचं माझं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, मुलं रुळतात. माझ्या बदल्यांत माझ्या मुलाने किती शाळा बदलल्या, तोंडातून एक शब्द काढला नाही. तुम्ही म्हणालात, "शब्द काढिला नाही, हे तुम्ही चांगले म्हणून सांगता?"

"मग काय वाईट म्हणून सांगू?"

"त्यास विचारले होते का कधी, कसे वाटते म्हणून?"

मी विषय बदलला. आजही मी माझ्या मुलाला ते विचारलेलं नाही. आता तो पन्नाशीला आला आहे, रात्री उशिरा कामावरून येतो, ताट वाढून घेतो आणि जेवतो. एक शब्द काढत नाही.

आता जे सांगायचं ते. ईशानचं ते मुकेपण मला आवडत होतं. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली. सुनंदा गेल्यापासून घर रिकामं होतं. पोरगं शाळेतून आलं की सरळ माझ्याकडे यायचं, कारण ह्या शहरात त्याला दुसरं कोणी नव्हतं. आम्ही कॅरम खेळायचो. मी त्याला कारखान्यातल्या गोष्टी सांगायचो, त्यातल्या निम्म्या खोट्या. तो माझ्या मांडीला टेकून ऐकायचा. तुम्ही म्हणायचात, त्यास खाली पाठवा, पोरांत पडूं द्या. मी म्हणायचो, "त्याला नाही आवडत." त्याला विचारलं मात्र कधीच नाही. त्याला मित्र नाही, ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वरवर वाटायचंही. आतून मला ते हवं होतं.

आणि मग तो डिसेंबर. वेलचेरीत राहणाऱ्याला त्याबद्दल काही सांगावं लागत नाही. तळमजल्यावर छातीभर पाणी, पार्किंगमधल्या गाड्या बुडालेल्या, दिवे नाहीत, पिण्याला पाणी नाही. मागच्या तळ्याकाठच्या झोपड्या एका रात्रीत गेल्या. ती माणसं पोरांना खांद्यावर घेऊन आपल्या जिन्यात आली आणि तुम्ही कोणाला न विचारता हॉलचं कुलूप उघडलंत. चावी माझ्याकडे असायची, मी सेक्रेटरी होतो. तुम्ही वर येऊन हात पुढे केलात, म्हणालात, "चावी." तेवढंच. मी दिली. ते माझं त्या दिवसांतलं एकमेव चांगलं काम, आणि तेही तुम्ही करवून घेतलेलं.

पाणी ओसरल्यावरही त्यांना जायला जागा नव्हती. तळ्याकाठी पुन्हा झोपड्या बांधू देणार नव्हते. लांब सरकारी वसाहतीत घरं मिळतील म्हणत होते, पण कधी ते कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही रोज सकाळी इडल्यांचं पातेलं घेऊन हॉलमध्ये जायचात. दुपारी पोरांचा अभ्यास घ्यायचात. त्यांची दप्तरं वाहून गेली होती. म्हणून ईशानची जुनी पुस्तकं मागायला आलात आणि जाताना ईशानलाही घेऊन गेलात.

तिथे त्याला कविन भेटला. हॉलमध्ये राहायला आलेल्या मल्लिगाचा थोरला. ईशानच्याच वयाचा, काळा, किडकिडीत, पुढचा दात अर्धा तुटलेला. त्याचं घर पाण्यात गेलं होतं, त्याचा कुत्रा सापडत नव्हता, आणि हा पोरगा अंगावरच्या एका चड्डीवर सगळ्या हॉलला हसवत फिरायचा. ईशानचं त्याच्याशी कसं जमलं ते मला माहीत नाही. तुम्ही सांगितलंत ते एवढंच, की पहिले दोन दिवस दोघं नुसते शेजारी बसले. मग कविनने ह्याच्या हातातलं पुस्तक उलटं धरून मोठ्याने, काहीही, वाचायला सुरुवात केली आणि ईशान हसला.

एका दुपारी मी झोपून उठलो तर घरात कॅरम नाही. शोधत खाली आलो. हॉलच्या मधोमध बोर्ड, भोवती डझनभर पोरं, आणि माझा मुका नातू गुडघ्यांवर बसून तमिळमध्ये भांडत होता. खराखुरा भांडत होता, गळ्याच्या शिरा ताणून. राणीला तो "सिगप्पु, सिगप्पु" म्हणत होता. राणी हा शब्द मी त्याला शिकवला होता. मी दारात उभा राहिलो. त्याने मला पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा खेळात डोकं घातलं.

तुम्ही भिंतीशी कोणाच्या तरी पोरीची वेणी घालत होतात. मला म्हणालात, "बघितलें? बोलतो म्हणून सांगा त्या शाळेतील बाईस." तुमचा चेहरा असा उजळला होता की मलाही हसावं लागलं. घरी जाऊन मी एकटा बसलो. अक्का, एवढा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल, आणि तो कोणावर, तर एका बेघर पोरावर.

मग असोसिएशनची बैठक झाली. तुम्ही आला नाहीत, तुमच्या चुलीवर भात होता. कुरकुर होती. संडास तुंबतो, आवाज होतो, डास वाढलेत. पण माणसं वाईट नव्हती. बरीच चर्चा झाली आणि ठरलं की पोंगलपर्यंत राहू द्यायचं, तोवर सरकारी घरांचं काही तरी होईल. दुसऱ्या मजल्यावरच्या ललिताबाई म्हणाल्या, सणाला घराबाहेर काढू नये कोणाला. सगळ्यांनी हो म्हटलं. मीही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात तुम्हाला गाठून मी म्हणालो, "अक्का, बैठकीत ठरलं. हॉल उद्या रिकामा पाहिजे."

तुमच्या हातात पातेलं होतं. "उद्या? कोठे जावें त्यांनी?"

"शाळेत कॅम्प आहे म्हणतात. तुम्ही सांगा त्यांना. आणि आज शब्द मऊ करू नका. मऊ केलेत की ते हलणार नाहीत."

"सगळ्यांनी ठरविले?"

"सगळ्यांनी."

"ललितानेंही?"

"तिनेही."

तुम्ही पातेलं पायरीवर ठेवलंत. पदराने चष्मा पुसलात, हॉलमध्ये गेलात आणि शाळेतल्या आवाजात बोललात. मी तुमच्या मागे उभा होतो. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. मल्लिगा धाकटीला भरवत होती, तिचा हात थांबला. कोणी वाद घातला नाही. लोक लगेच गाठोडी बांधायला लागले. सवय असल्यासारखे.

ईशान कविनशेजारी बसला होता. त्याला तमिळ नुकतंच समजायला लागलं होतं. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलेलं ते पहिलं बोलणं, आणि ते तुमच्या तोंडून आलेलं.

ते टेम्पोत बसून गेले तेव्हा ईशान खाली गेला नाही. संध्याकाळी त्याने मला विचारलं, "आजोबा, पाट्टींनी त्यांना का घालवलं?" तुम्हाला तो पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायचा.

मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणालो, "त्यांचं त्यांना माहीत."

जिन्यातलं खोटं एक वेळ रागाचं म्हणता येईल. हे खोटं अगदी शांत डोक्याने बोललेलं होतं. ईशान माझ्या शेजारी येऊन बसला, टेकला, आणि मला बरं वाटलं. रहिवाशांना मी सांगितलं, ते आपणहून गेले, टीचरम्मांनी समजावलं. कोणी फार विचारलं नाही. हॉल धुऊन घेतला.

पोंगलनंतर तुम्ही वर आलात. दार लोटून घेतलंत आणि उभ्यानेच बोललात. "ललिता विचारते, ते लोक एवढ्या लवकर का गेले म्हणून. पोंगलपर्यंत राहावें म्हणून ठरले होते, असे ती सांगते."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"माझ्या तोंडाने बोलविलेत?"

मी म्हणालो, "अक्का, मी ईशानला सांगतो. आत्ता सांगतो."

तुम्ही आतल्या खोलीकडे पाहिलंत. तो तिथे गृहपाठ करत होता. मग हळू आवाजात म्हणालात, "आतां नको. पोर राहतो कोणापाशी? आई तिकडे, बाप रात्रीं येतो. उरलेत तुम्ही. तुम्ही असे म्हणून कळले तर तो कोठे जाईल? माझ्यावर रागावू दे. मी खालच्या मजल्यावरची म्हातारी, माझ्यावर राग धरून त्याचें काही बिघडत नाही. मोठा होईल तेव्हां सांगा. तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

दाराशी पुन्हा थांबलात. "आणि ह्यापुढे प्लंबर आला तर मला बोलावूं नका."

पण पुढच्या महिन्यात नळ गळायला लागला तेव्हा आलात. तेही लिहून ठेवतो.

मी तुमचे उपकार मानायला हवे होते. मी तुमच्यावर चिडत गेलो. ज्याने आपलं पाप झाकलंय तो माणूस रोज लिफ्टमध्ये भेटणं, ही काय चीज आहे ते तुम्हाला कळलं नसतं. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या, बिल्डिंगभर सांगितलं असतंत, तर मी तुमचा तिरस्कार तरी मोकळेपणाने केला असता. जिन्यात ईशान दिसला की तुम्ही "कण्णा" म्हणून हाक मारायचात आणि तो तुमच्या अंगावरून निघून जायचा. मी मागे असायचो. तुम्ही माझ्याकडे बघायचातही नाही. दर वाढदिवसाला डब्यातून साटोऱ्या पाठवायचात. तो डब्याला हात लावायचा नाही. मी खायचो. डबा परत द्यायला येऊन म्हणायचो, "आवडल्या त्याला." तुम्ही म्हणायचात, "सरि." बरं, एवढंच. तुम्हाला खरं ठाऊक होतं हे मला ठाऊक होतं. तरी पुढच्या वर्षी तुम्ही पाठवायचात आणि मी खायचो.

तो दहावी झाला तेव्हा तुम्ही विचारलंत, "सांगितलें?" मी म्हणालो, परीक्षा होऊ द्या. बारावीला विचारलंत. मी म्हणालो, कॉलेज लागू द्या. कॉलेज लागलं, तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं विसरलात. सोयीचं ते सगळं मला लगेच वाटतं. मागच्या पावसाळ्यात तुमचे डोळे गेले, तुम्ही जिन्यात भिंत चाचपत चढायचात. एकदा ईशान वरून उतरत होता. तुम्ही पावलं ओळखून म्हणालात, "कण्णा, हात दे रे." त्याने हात दिला, वरपर्यंत सोडलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मला ते तुम्ही सांगितलंत. आनंदाने सांगितलंत, हात दिला म्हणून.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तुम्ही जिवंत होतात.

शोकसभेहून वर आलो आणि चपला न काढताच ईशानला सांगितलं. बैठकीत काय ठरलं होतं, जिन्यात मी काय बोललो, "त्यांचं त्यांना माहीत" कोणी म्हटलं, आणि तुम्ही का गप्प राहिलात. तो उभा राहिला. तमिळमध्ये बोलायला लागला. आता त्याला राग तमिळमध्येच येतो. खूप वेळ बोलला. मला "पाट्टी" हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला, बाकी काही नाही. मी म्हणालो, "मराठीत बोल रे."

"नाही बोलणार," तो मराठीत म्हणाला. "मी तिला हात दिला आणि थँक्यूसुद्धा म्हणू दिलं नाही. कळतं का तुम्हाला?"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कविनचं घर सापडलंय. स्टेशनखाली फुलं विकते ती मल्लिगाची बहीण. रविवारी जायचं."

"इतकी वर्षं का नाही शोधलंस?"

"लाज वाटायची. आपल्या बिल्डिंगनं काढलं त्यांना." मग म्हणाला, "तिथं तुम्ही बोलायचं. मी सांगणार नाही तुमच्यासाठी. माझी जीभ मिळणार नाही."

मी घरात फिरत वाक्य पाठ केलं. टीचरम्मा सोल्ललै, नान दान सोन्नेन. टीचरम्मांनी नाही सांगितलं, मीच सांगितलं. चाळीस वर्षांत मी स्वतः जुळवलेलं हे पहिलं तमिळ वाक्य, आणि ते बरोबर आहे का विचारायला तुम्ही नव्हतात.

वसाहत फार लांब आहे, अक्का. बसमधून उतरल्यावरही बरंच चालावं लागलं. एकसारख्या इमारती, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, जिन्यांत पोरं. मल्लिगा चौथ्या मजल्यावर राहते. केस पांढरे झालेत. ईशानला तिने ओळखलं नाही, त्याने नाव सांगितल्यावर त्याचे दोन्ही गाल धरले. कविन नव्हता. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात लागलाय, कंपनीच्या बसने पहाटे जातो.

मी दारातच उभा राहून माझं वाक्य बोललो. तिने ऐकलं, ईशानकडे पाहिलं आणि काही विचारलं. तो गप्प. मी वाक्य पुन्हा बोललो, जास्त मोठ्याने. ती गोंधळली. शेवटी ईशानला राहवलं नाही, तो तिच्याशी बोलायला लागला. हॉल, पूर, टीचरम्मा. ती ऐकत होती, आठवत होती, मान हलवत होती. आणि मग एकदम तिचा चेहरा उघडला. ती भरभर बोलायला लागली. त्यातली "इडली" मला कळली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

ईशान माझ्याकडे न बघता म्हणाला, "हॉलमधून कोणी काढलं ते तिला आठवत नाही. नंतर शाळेतून काढलं, मग कुठल्या तरी मंडपातून काढलं, मग रस्त्यावरून. म्हणते, कोणी कोणी काढलं ते कोण लक्षात ठेवणार. पण पाट्टी आठवते. सकाळी इडल्या आणायची ती. धाकटीची वेणी घालायची ती."

म्हणजे इथे तुमच्या नावाला काहीच लागलेलं नव्हतं, अक्का. ज्यांना मी घालवलं त्यांनी तुमच्यावर ते कधी धरलंच नव्हतं. बिल्डिंगमध्ये त्याचं कौतुक झालं, आणि राग धरला तो फक्त माझ्या घरात, माझ्या शेजारी झोपणाऱ्या पोराने. तो मी त्याला रोज थोडा थोडा भरवला.

मल्लिगा माझ्याकडे वळली. हळू, लहान मुलाशी बोलावं तसं, तिने विचारलं, "टीचरम्मा नल्ला इरुक्कांगळा?"

हे मला कळलं. बऱ्या आहेत ना, असं ती विचारत होती. मी ईशानकडे पाहिलं. त्याने मान फिरवली आणि बाहेरच्या व्हरांड्याकडे पाहत राहिला.

"टीचरम्मा," मी म्हणालो. "इप्पो इल्लै." आता नाहीत.

तिने तोंडावर हात नेला. दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, आपलं माणूस गेल्यासारखी. शेजारची दारं उघडली. हॉलमध्ये तुमच्या फोटोसमोर कोणी रडलं नव्हतं.

ईशान तिच्याजवळ उंबऱ्यावर बसला. थोड्या वेळाने त्याचेही खांदे हलायला लागले. मी उभाच होतो. मला कोणी बसा म्हणालं नाही.